गुळ्याचं विरजण

सकाळी सहा-सव्वासहाला गुळ्या मागच्या अंगणात जातो आणि त्याच्या मागोमाग मी जाते, हातात लांब दांड्याचा चमचा आणि झाकणाची डबी घेऊन. सुरुवातीला शेजारच्या काळमेघकाकू कुंपणावरून बघायच्या. एकदा त्यांनी विचारलंच, "रोज तपासाले देता का वो?" मी "हो" म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी आमच्याकडचा चहा सोडला असता.

खरं असं, की कुत्र्याच्या त्या चमचाभर ऐवजावर माझ्या मुलीचा दिवस उभा असतो.

गुळ्या अकरा वर्षांचा, गावठी, ढेपेच्या गुळाच्या रंगाचा. मी लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा तो या घरात माझ्याआधीपासून होता, आणि बरेच दिवस त्याने मला तसं जाणवू दिलं. माझी मुलगी मैथिली, मैथू, सहा वर्षांची. फेफरं दोघांनाही. आधी त्याला सुरू झालं. पशुवैद्यांनी त्याचं धान्य पूर्ण बंद करून लोणी, खोबरेल, अंडं यावर ठेवलं आणि दीड महिन्यात त्याचे झटके थांबले, ते आजतागायत. मग तीन वर्षांची असताना मैथूला सुरू झालं. तिला तेच पथ्य दिलं. बदामाच्या पिठाची पोळी, तुपात पोहणारी भाजी, साखरेचा कण नाही. दिवसाला बारा झटके यायचे, ते पाचावर आले. पाचाच्या खाली काही केल्या जाईनात. चार औषधं झाली. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, ती नोकरी सोडली. घरात बसून मोजायला लागले. झटका किती सेकंदांचा, आधी ओठाचा कुठला कोपरा हलला, नंतर किती वेळ झोपली. माझ्या वह्यांत दुसरं काही नाही.

अमरावतीला तेव्हा एक आंत्र-संशोधन केंद्र नवीन सुरू झालं होतं. तिथल्या डॉक्टर सोनोने मूळच्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं, मैथूच्या हातात एक रबरी बेडूक दिला आणि मला विचारलं, "घरी दही लावता?"

"लावते."

"मग तुम्हाला समजेल. मेंदूच्या पेशी एकमेकींना दोन प्रकारचे निरोप पाठवतात असं समजा. पेटव, आणि विझव. फेफऱ्यात 'पेटव' वणव्यासारखं पसरतं. स्निग्ध जेवणानं काहींचा हा वणवा शमतो, हे डॉक्टरांना शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. नवीन कळलंय ते एवढंच, की शमवणारं नुसतं तूप नाही. त्या जेवणावर आतड्यात काही जिवाणू फोफावतात. ते आपल्या रक्तात जाणारी द्रव्यं बदलतात, आणि त्यामुळे 'विझव'चा जोर वाढतो. तुमच्या कुत्र्यात असा सत्तावीस जातींचा कळप आहे. इतका चांगला आम्ही कुठे पाहिला नाही."

"आणि मैथूत?"

"ती जन्मल्यावर चाळीस दिवस काचेच्या पेटीत होती ना? तेव्हाच्या प्रतिजैविकांनी शेत पार नांगरलं गेलंय. पथ्य बरोबर चाललंय, पण ते खाऊन वाढणारं कुणी आत नाहीच."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर कितीदा तरी मनात घोळवलं. गुळ्याचा कळप मैथूच्या पोटात सोडला तर तो काम करतो, पण दोन दिवस राहतो आणि निघून जातो. तिथे त्याचं घर होत नाही. गोठवला तर मरतो. काचेच्या भांड्यात वाढवला तर तिसऱ्या पिढीला काम विसरतो. दुसऱ्या सात कुत्र्यांत घालून पाहिला, एकातही बसला नाही.

"विरजण स्टीलच्या डब्यात टिकत नाही म्हणा ना," डॉक्टर म्हणाल्या. "याला जिवंत गाडगं लागतं. सध्या ते एकच आहे."

केंद्राने आम्हाला यंत्र दिलं. मिक्सरएवढं. मी त्याला विरजणी म्हणते. ते मागच्या पडवीत असतं, स्वयंपाकघरात मी येऊ दिलं नाही. सकाळची डबी त्यात रिकामी करायची, ते गाळतं, धुतं, कळप वेगळा काढतं आणि वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या खाली पाडतं. पडद्यावर एक आकडा येतो. साठाच्या वर असला की कळप जोमात. मैथूला मी सांगितलं, गोळी गुळ्याने पाठवली आहे. ते खोटं नव्हतं.

चौदा महिने एकही झटका नाही. मैथू शाळेत जायला लागली. जोडाक्षरं वाचायला लागली, "व्यवस्थित" हा शब्द दिसेल त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. मार्चमध्ये ती कंपाउंडमधल्या पेरूच्या झाडावर चढली. फेफरं असलेल्या मुलांनी झाडावर चढायचं नसतं. मी खाली हात पसरून उभी होते, आणि ती वरून म्हणाली, "आई, हात खाली कर, फोटोत वेडी दिसशील."

या सगळ्यात एक माणूस मात्र नाराज होता. माझे सासरे, आबा. माझ्या नवऱ्याची, निनादची, नोकरी चंद्रपूरला, तो शनिवार-रविवारी येतो. बाकी घरात मी, मैथू, आबा आणि गुळ्या. आबा एस.टी.त कंडक्टर होते. अजूनही दारात उभे राहून "चला, मागं सरका" म्हणतात, आणि आम्ही सरकतो. त्यांचा एक नेम होता. ताट वाढलं की आधी एक घास काढायचा. भाकरी वरणात कुस्करून ताटाच्या डाव्या कडेला. तो कुत्र्याचा. तो दिल्याशिवाय स्वतःच्या तोंडात काही घालायचं नाही. त्यांच्या आईने लावलेली सवय. गुळ्या पिल्लू म्हणून या घरात आला तो त्या घासावरच. पुढे झटके सुरू झाले, धान्य बंद झालं, तरी आबा घास काढतच राहिले. तो कडेला तसाच राहायचा, जेवणं झाली की मी कावळ्यांना टाकायची. आणि गुळ्या ताटाच्या डाव्या बाजूला रोज येऊन बसायचा.

"त्याचा हिस्सा आहे तो," आबा म्हणायचे. "देता नाई येत तं नाई देत. पण काढाव तं लागन."

एप्रिलच्या शेवटी गुळ्या ओकायला लागला. ऊन सेहेचाळीसच्या वर होतं, मला वाटलं उन्हाने. मग तो भिंतीशी जाऊन विचित्र उभा राहायला लागला. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवायचा, मागचा भाग वर. तसाच दहा-दहा मिनिटं.

"आई, बघ, गुळ्या नमस्कार करतोय!" मैथू टाळ्या पिटत म्हणाली.

अमरावतीला डॉक्टर सोनोनेंनी मैथूला बाहेर रबरी बेडकाशी खेळायला पाठवलं. "नमस्कार नाही तो. पोटात असह्य दुखलं की कुत्री तशी उभी राहतात. स्वादुपिंड सुजलंय. इतकी वर्षं इतकं स्निग्ध खाऊन. या वयात ते झेपत नाही."

"मग?"

"हे जेवण बंद करून मऊ भात, पातळ वरण दिलं तर दोन वर्षं आरामात काढेल. झटके परत आले तर त्याचे साध्या गोळ्यांनी आवरतील. चालू ठेवलं तर चार महिने. दुखत."

"भात दिला तर विरजण?"

"धान्य पोटात गेलं की कळप मोडतो. पूर्ण मोडला की परत बसत नाही."

"आणि चार महिन्यांनी गुळ्या गेला की..."

"तेव्हाही संपतं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "आम्ही दुसरं गाडगं शोधतोय, ऋजुता. पण मी खोटा धीर देणार नाही. चार महिन्यांत सापडेल असं मला वाटत नाही."

मी निनादला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू बघ. तुला योग्य वाटेल ते कर." मी फोन ठेवला आणि गुळ्याच्या वाडग्यात तीस ग्रॅम लोणी मोजलं. चार महिने म्हणजे एकशे वीस दिवस. एकशे वीस दिवसांत मूल किती वाचायला शिकतं, हे ज्याचं मूल झटक्यानंतर "आई" हा शब्द शोधत बसलेलं आहे त्यालाच कळेल. मी कुणाला काही सांगितलं नाही. आबांना म्हटलं, उन्हाचं आहे, उतरेल.

आणि उतरलं! मेच्या दुसऱ्या आठवड्यात गुळ्या उठून फाटकापर्यंत गेला. ओकणं थांबलं. काळमेघकाकूंच्या मांजराला त्याने जुन्या इतमामात हाकललं. मला वाटलं डॉक्टर चुकल्या. मी देवापुढे दिवा लावला, तोही तुपाचा. पडद्यावरचा आकडा एकाहत्तरवरून अठ्ठावन्न झाला होता. मला वाटलं, यंत्राची गाळणी बदलायला झाली.

आकडा चाळीस झाला त्या दिवशी दुपारी मैथू पायऱ्यांवर उभी राहून मला काहीतरी सांगत होती. उजवा ओठ हलला. मी धावले, पण पायऱ्या तीन होत्या. चौपन्न सेकंद. हनुवटी फुटली. उठल्यावर तिने माझ्याकडे बघून "पाणी" म्हटलं, आणि खरं तर तिला मला हाक मारायची होती.

दुसऱ्या दिवशी दोन. त्याच्या पुढच्या दिवशी पाच.

लॅब सोडताना मी माझा जुना सूक्ष्मदर्शक घेऊन आले होते. सकाळच्या डबीतला कण काचपट्टीवर घेतला आणि वर आयोडीनचा एक थेंब टाकला. पिष्ट असेल तर निळंकाळं होतं, हे बारावीचं पोरही सांगेल. वाकून बघितलं तर आत निळ्याकाळ्या दाण्यांचा सडा पडला होता. ज्वारी.

आबा दुपारी जेवायला बसले होते. मैथू आतल्या खोलीत झोपली होती, झटक्यानंतरची जड झोप. गुळ्या ताटाच्या डाव्या बाजूला.

"आबा, गुळ्याला भाकरी कोण देतं?"

त्यांनी नाकारलं नाही. "मी देतो."

"कधीपासून?"

"झाले असतीन वीस-बावीस दिवस. तू दुपारी पोरीजवळ पडत होती तवा. पयले एकच घास दिला. त्याले बरं वाटलं, तं मंग दोन. आता चतकोर खाते. वाडग्यातलं लोणी ठेवते, ते मी फेकून देतो."

"तुम्हाला सांगितलं होतं ना, धान्याचा कण नको म्हणून?"

"सांगतलं होतं. पण एका घासानं काय होते वो सूनबाई? जलमभर काढला, कोणाचं वाईट नाई झालं त्यानं." मग एकदम आवाज चढला. "तो त्या भिंतीशी वाकून वाकून मरून राह्यला होता, तुले वाटे मले दिसत नाई? ऊन म्हणे! मुकं हाय म्हणून त्याले दुखत नाई का?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "उन्हाचं नव्हतं. मला माहीत होतं."

मग मी सगळं सांगितलं. स्वादुपिंड, चार महिने, विरजण. सकाळच्या डबीतून काय होतं आणि ते कोण खातं. आकडा आज एकतीस. मैथूला काल पाच. मी आवाज न चढवता सांगत होते, ते जास्त वाईट होतं हे मला सांगतानाच कळत होतं.

आबांनी उजवा हात उलटा करून बघितला. वरण लागलेली बोटं. "म्हणजे माह्या हातानं झालं," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू सांगतलं असतं तं?"

सांगितलं असतं, तरी त्यांनी भिंतीशी वाकलेल्या कुत्र्याकडे बघत घास नुसता काढून ठेवला असता का, हे मला माहीत नाही. त्यांनाही नसावं.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "एकतीस म्हणजे अजून मुळं आहेत. आजपासून धान्य बंद करून स्निग्ध दुप्पट दिलं तर दहा-बारा दिवसांत वर येईल. पण त्याचं पोट..."

"किती दिवस?"

"चार महिने विसरा. पाच-सहा आठवडे."

एप्रिलमध्ये मी आजारी कुत्र्याचं ठरवलं होतं. आता बऱ्या झालेल्याचं ठरवायचं होतं. तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता. त्याच दिवशी दुपारी मैथूला सहावा झटका आला, आणि मी साठ ग्रॅम लोणी मोजलं.

गुळ्याने वाडगं हुंगलं आणि मान फिरवली.

मी खोबरेल बदललं, पिवळा बलक घातला, कोमट केलं, गार केलं. त्याला कळलं होतं. भाकरीने दुखणं जातं आणि या वाडग्याने येतं, हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मी त्याच्या जबड्यात बोटं घातली. तो गुरगुरला नाही, नुसते दात आवळून माझ्याकडे बघत राहिला. पिचकारीने आत सोडलेलं सगळं कडेने गळून माझ्या ओच्यात पडलं. तीन दिवस हेच. आकडा सत्तावीस, पंचवीस, चोवीस. मैथूला दिवसाला सात झटके. तिने जोडाक्षरांचं पुस्तक उलटं धरलं होतं आणि तिला ते उलटं आहे हे कळत नव्हतं.

मी सतत बघत असते, हा माझा गुण आहे आणि रोगही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं, की काही न खाल्लेला गुळ्या आबांचं ताट वाढल्याचा आवाज आल्याबरोबर उठला आणि डाव्या बाजूला जाऊन बसला. आबांनी घास काढून ठेवला होता. द्यायचा नव्हता, तरी काढला होता. गुळ्याने तो हुंगला नाही. तो फक्त आबांच्या हाताकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी लोणी, खोबरेल, बलक एकत्र करून थंड केलं आणि त्याचा गोळा वळला. घासाएवढा. आबांचं ताट वाढलं, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, आणि डाव्या कडेला तो गोळा ठेवला.

आबांनी गोळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुमच्या हातून द्या," मी म्हटलं. "तुमच्या ताटातला घास तो कधी नाकारत नाही."

"म्हणूनच म्हणतो, मले नको सांगू."

"आबा..."

"त्याचा हिस्सा हाय तो. हिश्श्यात कोणी असं घालून देत नसते, बाप्पा."

आतून मैथू आली. हनुवटीवर पट्टी, केस ओले, कारण सकाळच्या झटक्यात ती सांडलेल्या पाण्यात पडली होती. आबांच्या जवळ बसली आणि त्यांच्या ताटाकडे बोट दाखवून शब्द शोधायला लागली. भाकरी. तिला भाकरी म्हणायचं होतं. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. आबा थांबले होते. शब्द आला नाही.

आबांनी गोळा उचलला. गुळ्याने तो त्यांच्या हातातून हुंगलासुद्धा नाही, घेतला आणि गिळला, आणि शेपटीने फरशी झाडली. चार दिवसांनी त्याला त्याचा घास मिळाला होता.

मग आबांनी ताटातल्या भाकरीवर, भाजीवर, चटणीवर तांब्यातलं पाणी हातावरून सोडलं आणि उठले. अन्नाचा कण वाया गेला तर आम्हाला बोलणारा माणूस. ते ताट घासायला मी बराच वेळ घेतला.

त्याला आता एकोणीस दिवस झाले. दोन्ही जेवणांना दोन घास, मग तीन. आकडा सहासष्ट आहे. मैथूला अकरा दिवस झटका नाही. परवा तिने "व्यवस्थित" वाचलं, अडखळत, पण वाचलं. आबा आता घास दिल्यावर कसंबसं अर्धी भाकरी खातात. दारात उभे राहून काही म्हणत नाहीत. कालच्या रविवारी निनाद म्हणाला, "बघ, झालं ना ठीक." मी हो म्हटलं. अजून दोन आठवडे असतील, किंवा तीन. त्यानंतरची वही मी आणून ठेवली आहे.

आज दुपारी आबा जेवायला बसले. गुळ्या उठून आला, पण डाव्या बाजूला पोचायच्या आधीच भिंतीशी थांबला, पुढचे पाय टेकले, छाती जमिनीला लावली. मागचे पाय थरथरत होते.

"आबा, बघा ना," मैथू म्हणाली. सगळे शब्द जागेवर होते. "तो नमस्कार करून मागतोय. अजून एक घास द्या ना त्याला."

आबांनी रिकामा हात माझ्याकडे केला. मी लोण्याच्या गोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं.